धाप लागण्यापूर्वी

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, भर कार्यक्रमात आणि व्यासपीठावरच, नरहर कुरुंदकर हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा त्यांना पन्नासावे वर्षही पुरे झाले नव्हते; आणि वसमत तालुक्यातील कुरुंदा हे ज्यांचे मूळ गाव, त्या व्यासंगी वक्त्याचा हा अंत मराठवाड्याच्या स्मरणात इतका खोल रुतून बसला की, हृदयाचा आजार म्हटले म्हणजे आमच्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे आजही असेच काही तरी अकस्मात, चारचौघांदेखत घडणारे उभे राहते. परंतु हृदयाचा दुसराही एक आजार आहे, आणि त्याला सभाही लागत नाही, साक्षीदारही लागत नाहीत. तो वर्षानुवर्षे चालतो, घरातल्या घरात चालतो, आणि ‘दम लागतो’ व ‘वय झालं’ या दोन वाक्यांपलीकडे त्याची दखल घेतली जात नाही. डॉक्टर त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात. त्यात हृदय बंद पडत नाही, ते चालूच असते. मात्र शरीराला हवे तितके रक्त पुढे लोटणे त्याला साधत नाही, अथवा ते साधण्यासाठी आतला दाब भलताच चढवावा लागतो, आणि त्या दाबामुळे मागे फुप्फुसांत व खाली पायांत पाणी उतरू लागते.

निरोगी प्रौढ माणसाच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा, ज्याला शरीरशास्त्रात निलय म्हणतात, पूर्ण भरला म्हणजे त्यात सुमारे सव्वाशे मिलिलिटर रक्त मावते, आणि एका ठोक्यासरशी त्यातील सत्तरेक मिलिलिटर महारोहिणीत फेकले जाते. शेकडा किती बाहेर पडले, याचा जो आकडा निघतो, त्यालाच रुग्णाचे नातेवाईक दवाखान्याच्या पायऱ्यांवर एकमेकांना ‘पम्पिंग’ म्हणून सांगतात. पन्नासच्या वर असले तर बरे. चाळीस किंवा त्याखाली गेले तर हृदयाचा स्नायू दुबळा झाला हे निश्चित. यातील खरी मेख अशी की, पम्पिंग उतरू लागले तरी माणसाला ते पुष्कळ काळ कळत नाही, कारण शरीर ते झाकते. नाडीचा वेग वाढतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. आणि या साऱ्या खटाटोपाने आजची वेळ निभावते खरी, पण तोच खटाटोप महिनोन्महिने चालला म्हणजे आधीच थकलेल्या स्नायूवर नवा भार घालतो. सावकाराचे कर्ज काढून घरची चूल पेटती ठेवणाऱ्या कुळाचे जसे व्हायचे, तसेच येथे होते: शेजाऱ्यापाजाऱ्यांना धूर दिसत राहतो, आणि तारणात काय काय गेले हे जप्तीच्या दिवशी उमगते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती पावणेबारा लाखांच्या आत-बाहेर, आणि त्यातील फार मोठा हिस्सा खेड्यांत राहणारा. कयाधूच्या आणि पूर्णेच्या काठचा हा मुलूख सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर जगतो. हळदीचे काम मोठे कष्टाचे: माघ-फाल्गुनात कंद खणायचे, वेचायचे, शिजवायचे, वाळवायचे, पॉलिश करायचे, आणि यातले वेचण्या-वाहण्याचे काम बहुतांशी बायांच्या अंगावर पडते. अशा कामावरच्या एखाद्या पन्नाशीच्या बाईचा विचार करावा. रक्तदाब तिला दहा वर्षांपासून असेल, पण गोळी ती डोके दुखेल तेव्हाच घेते. पहिल्या वर्षी ती भरलेले टोपले उचलायचे सोडते. दुसऱ्या वर्षी बांधावरची चढण चढताना दोनदा थांबते. तिसऱ्या वर्षी पाणी आणायला सून जाते. यातील प्रत्येक माघारीला एकेक समर्पक कारण घरात तयार असते, आणि म्हणून कोणतीच माघार आजार ठरत नाही. मग एका रात्री तिला उताणे झोपवत नाही, उशाला दोन-दोन वाकळा घ्याव्या लागतात, पाय सुजून जोडव्यांचे वळ उमटतात; गावातला डॉक्टर दम्याचे इंजेक्शन देतो; दोन दिवस बरे वाटते; आणि पुढच्या पंधरवड्यात जीपमध्ये घालून तिला नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात न्यावे लागते. तेथे छातीवर इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, दांडी टेकताच कळते की पम्पिंग पंचवीस टक्के उरले आहे. यंत्राने आपले काम चोख केले, यात वाद नाही. त्याला बोलावले तेव्हा तीन वर्षे उलटून गेली होती.

ही बाई माझ्या कल्पनेतली असली तरी तिच्यासारख्यांची गणती झालेली आहे. भारताच्या राष्ट्रीय हृदय-विफलता नोंदणीत देशभरच्या ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांची नोंद झाली. त्यांचे सरासरी वय साठच्या आसपास भरले, आणि नव्वद दिवसांच्या आत शेकडा चौदा दगावले. त्रिवेंद्रम येथे २०१३ साली नोंदलेल्या १,२०५ रुग्णांचे वयोमानही साधारण तेच, आणि वर्षाच्या अखेरीस त्यातील शंभरी तीस जण हयात नव्हते. युरोप-अमेरिकेतील रुग्ण या आजाराने रुग्णालयाची पायरी चढतो, तो आपल्या रुग्णापेक्षा दहाएक वर्षे उशिरा. म्हणजे ज्या वयात तिकडचा माणूस निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडत असतो, त्या वयात आपल्याकडचा माणूस, जो मरेपर्यंत निवृत्त व्हायचाच नसतो, अंथरुणाला खिळतो.

हृदयाच्या आत काय चालले आहे, हे छाती न फाडता जाणण्याची धडपड जुनी आहे, आणि तिचा एक विस्मृत अध्याय आमच्याच जुन्या रियासतीत लिहिला गेला, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. निजामाच्या राजधानीत, रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. प्रश्न असा होता की, क्लोरोफॉर्म हुंगवलेला रोगी टेबलावर मरतो तो आधी श्वास थांबून की आधी हृदय थांबून? दुसऱ्या कमिशनचा खर्च खुद्द निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, सोसला, ‘लॅन्सेट’च्या वतीने लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य लंडनहून हैदराबादेस आले, आणि जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत जिची गणना होते ती रूपाबाई फर्दुनजी याच कामात सहभागी होती. कमिशनने निर्वाळा दिला की श्वासच आधी थांबतो, हृदयाची चिंता नको. १९११ साली लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी तो निर्वाळा उलटवला आणि क्लोरोफॉर्मखाली हृदयाचा ठोका थरथरून एकाएकी विस्कटू शकतो हे दाखवले. शहाण्या माणसांची ही चूक हेतूची नव्हती, दृष्टीची होती. नाडी, श्वास आणि धमनीतील दाब यांवरून आतल्या हालचालीचा अदमास बांधण्यापलीकडे त्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते.

त्यापूर्वी लाएनेकने १८१६ साली स्टेथोस्कोप दिला होता; १८९५ साली रॉन्टगेनचे किरण आले आणि हृदयाची सावली दिसू लागली; पाठोपाठ आइन्थोव्हेनने हृदयातील विद्युत्प्रवाहाची रेघ कागदावर उमटवली, तिलाच आपल्याकडे ‘पट्टी काढणे’ म्हणतात. परंतु आवाज, सावली आणि रेघ या तिहींतही हलते हृदय दिसत नव्हते. ते दिसू लागले स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या गावी, २९ ऑक्टोबर १९५३ रोजी. इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञाला झडप आवळलेल्या रुग्णांचे निदान शस्त्रक्रियेपूर्वी पक्के करायचे होते. हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाने त्याला धातूतील तडे शोधण्याचे, माल्मोच्या जहाज-कारखान्यात वापरले जाणारे ध्वनियंत्र दाखवले. हर्ट्झचे वडील गुस्ताफ हे नोबेलविजेते पदार्थवैज्ञानिक, आणि सीमेन्सच्या संशोधनशाळेत त्यांनी अधिकारपद भूषविलेले. त्या ओळखीवर सीमेन्सकडून तसले एक यंत्र उसने मिळाले. पडद्यावर एक प्रतिध्वनी जोरात मागेपुढे हलताना दिसे. एडलरला आरंभी ती डाव्या वरच्या कप्प्याची भिंत वाटली. पुढे मृत रुग्णांच्या छातीत, ध्वनीची शलाका ज्या दिशेने सोडली होती त्याच दिशेने, टोचा घालून पाहिले, तेव्हा ती मायट्रल झडपेची पाकळी असल्याचे उमगले. या कामासाठी दोघांना १९७७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

इकोच्या यंत्राची युक्ती सांगायला सोपी आहे. माणसाच्या कानाला वीस हजार कंपनांच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. इकोच्या दांडीतून प्रौढ माणसाच्या छातीत सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांचा ध्वनी सोडला जातो. शरीराच्या मऊ ऊतींत तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धावतो, म्हणून दहा सेंटिमीटर खोल असलेल्या हृदयाच्या भिंतीवर आपटून परतायला त्याला सेकंदाचा सुमारे साडेसात हजारावा भाग लागतो. परतीच्या या वेळांतून यंत्र भिंतीचे अंतर काढते, आणि अंतरांतून चित्र. त्यात पुढे डॉप्लरची भर पडली. प्रागमध्ये १८४२ साली ताऱ्यांच्या रंगांविषयी मांडलेला तो सिद्धान्त रक्ताचा वेग मोजायला उपयोगी पडला; आणि कोणती झडप किती आवळली, कोणती किती गळते, रक्त वरच्या कप्प्यातून खाली उतरताना किती अडते, याचे आकडे मिळू लागले. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, उपाशी राहणे नाही. रुग्णाला काय ते डाव्या कुशीवर पडावे लागते आणि छातीला थंडगार जेल लावून घ्यावे लागते.

मात्र पम्पिंगचा जो आकडा नातेवाइकांच्या तोंडी असतो, त्याच्यावर भिस्त ठेवणे अनेकदा घातक ठरते. एक तर तो उशिरा उतरतो. तो पन्नासच्या खाली गेला याचा अर्थ हानी पुष्कळ आधी सुरू झाली. दुसरे असे की, हार्ट फेल्युअर असलेल्या रुग्णांपैकी फार मोठ्या वर्गाचे पम्पिंग अखेरपर्यंत चांगले राहते. त्यांचे हृदय आकुंचनात कमी पडत नाही, प्रसरणात अडखळते. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा यांनी ते जाड व ताठर होते, नीट सैलावत नाही, आणि भरताना आतला दाब वाढवून भरते. वयस्क स्त्रियांत हा प्रकार विशेष. अशा बाईचा अहवाल हाती देऊन ‘पम्पिंग साठ आहे, काही नाही’ असे सांगून घरी पाठवणे याहून क्रूर दिलासा दुसरा नसेल. जाणता डॉक्टर म्हणून डाव्या वरच्या कप्प्याकडे पाहतो. आतला दाब वर्षानुवर्षे चढलेला असला की तो कप्पा फुगतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ३४ मिलिलिटरच्या पुढे गेला, तर रुग्णाने तक्रार केलेली नसली तरी हृदयाने केली आहे असे समजावे.

गेल्या वीस वर्षांत याहूनही सूक्ष्म असे एक माप आले, त्याला स्ट्रेन म्हणतात. इकोच्या चित्रात हृदयस्नायूवर बारीक बारीक ठिपके दिसतात. संगणक ते ठिपके एका चित्रातून दुसऱ्या चित्रात ओळखून त्यांचा माग घेतो, आणि एका ठोक्यात स्नायू लांबीने किती आखडला ते सांगतो. निरोगी हृदयात हे आखडणे शेकडा वीसच्या जवळपास असते. सोळाच्या खाली उतरले की काही तरी बिनसले. अनेक रुग्णांत पम्पिंग अबाधित असतानाच स्ट्रेन घसरू लागतो. कर्करोगाच्या औषधोपचारात याचे मोल विशेष ध्यानात आले. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे गाठ विरघळवतात, पण काहींच्या हृदयाला इजाही करतात. उपचारापूर्वीच्या स्ट्रेनच्या मानाने तो पंधरा टक्क्यांहून अधिक घसरला, तर हृदयाला औषधाचे कवच द्यायची वेळ आली असे मानतात. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेऊन मराठवाड्यात परतलेल्या स्त्रीची जी फाइल असते, तिच्यात हृदयाचा हा कागद आहे की नाही, हे पाहण्याचा परिपाठ तालुक्याच्या डॉक्टरने अवश्य ठेवावा. एमआरआयने याच्याही पुढे जाता येते. गॅडोलिनियम नावाचे द्रव्य शिरेतून दिले की हृदयस्नायूतले व्रण पांढरे उजळून दिसतात. पण हृदयाचा एमआरआय ही मोठ्या शहरांची सोय आहे, आणि हिंगोलीच्या लेखात तिच्यावर अधिक शाई खर्च करणे अप्रस्तुत होईल.

आता कोणी म्हणेल, तक्रार नसलेल्या माणसाचे हृदय तपासून हाती काय लागणार? आजार लवकर कळला म्हणजे चिंता लवकर सुरू झाली, एवढेच ना? ही शंका अगदीच अनाठायी नाही. वैद्यकातील कितीएक चाळण्यांनी माणसांना उगाच रोगी केले आहे. परंतु येथे पुरावा उलट बाजूने बोलतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या सॉल्व्ह्ड चाचणीत पम्पिंग पस्तीस किंवा त्याहून कमी असूनही हार्ट फेल्युअरसाठी काही उपचार चालू नसलेले ४,२२८ लोक घेतले होते. निम्म्यांना एनालाप्रिलची गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. तीनेक वर्षांत औषध न घेणाऱ्यांत शेकडा तिसांना उघड हार्ट फेल्युअर झाले, घेणाऱ्यांत एकवीसांना. एनालाप्रिल हे स्वस्त औषध आहे. डब्लिनमधील स्टॉप-एचएफ या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ साली आला. त्यात रक्तदाब, मधुमेह अशी जोखीम असलेल्या १,३७४ माणसांपैकी काहींची हृदयाचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्ततपासणी करून, ती वाढलेली असेल त्यांनाच इको व तज्ज्ञांची देखरेख दिली. आणि पुढे हृदय दुबळे होण्याचे प्रमाण शेकडा ८.७ वरून ५.३ वर आले. सर्वांचा इको नव्हे, चाळणीतून खाली उतरलेल्यांचा इको, हे सूत्र तेथून घ्यावे. अलीकडे मधुमेहासाठी निघालेली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे हृदयालाही तारतात हे सिद्ध झाले. त्यांतील पहिल्याचे पेटंट भारतात २०२० साली आणि दुसऱ्याचे मार्च २०२५ मध्ये संपल्यापासून किमती बऱ्याच खाली आल्या आहेत. औषध महाग म्हणून निदान लवकर होऊन उपयोग नाही, ही सबब एके काळी खरी होती. आता ती टिकत नाही.

लहान मुलांचा प्रश्न याहून तीव्र आहे. घसा दुखून आलेल्या तापाने पुढे सांधे धरतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात, तो संधिवाताचा हृदयरोग दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत अजून आढळतो. आणि तरुणपणी, विशेषतः बाळंतपणात, हृदय अवसान सोडते ते पुष्कळदा त्यामुळे. स्टेथोस्कोपने तो आरंभी सापडत नाही. कंबोडिया व मोझांबिकमधील शाळकरी मुलांवरील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कानाने हजारी दोनच्या आसपास मुलांत दोष सापडला, आणि त्याच मुलांचा इको केल्यावर कंबोडियात हजारी एकवीस व मोझांबिकमध्ये हजारी तीस मुले निघाली. अशा मुक्या रोगाला हात घालून लाभ होतो का, याचे उत्तर युगांडातून आले. तेथील ८१८ मुलांपैकी निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. दोन वर्षांत ज्यांना ते मिळाले नाही त्यांतील शेकडा आठ मुलांचा रोग पुढे सरकला, ज्यांना मिळाले त्यांच्यात शंभरी एकाचाही नाही. कळमनुरीच्या प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत आंध आदिवासींच्या मुलांच्या ज्या आश्रमशाळा आहेत, तेथे मुले एका छपराखाली राहतात, हजेरीपट रोज भरला जातो, आणि दर चार आठवड्यांनी इंजेक्शन द्यायचे झाले तर मूल कोठे सापडेल हा प्रश्न उद्भवत नाही. शालेय आरोग्य तपासणीत ज्या मुलाच्या छातीत आवाज ऐकू येतो त्याला इकोला पाठवण्याची व्यवस्था राज्यात आहे, आणि तिने पुष्कळ मुले वाचवली आहेत. पण ज्याच्या छातीत आवाज अजून उमटलेलाच नाही, ते मूल तिच्या जाळ्यातून निसटते.

औंढा नागनाथाजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये लेझरचे किरण धावतील, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली तर त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका पडणारा फरकही तेथे टिपला जाईल. हे काम थोर आहे, आणि ते आमच्या जिल्ह्यात व्हावे याचा मला निर्भेळ आनंद आहे. हा पैसा दवाखान्यांना का दिला नाही, असला रडका युक्तिवाद मी करणार नाही. पण ही जागा निवडली ती इथली जमीन शांत आहे, तिला हादरे कमी बसतात, अशा कसोट्या लावून. त्यासाठी पाहणी झाली, मोजमापे झाली, दप्तरे तयार झाली. त्याच माळाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या हृदयात वर्षाला होणारा बदल त्याहून कितीतरी पटींनी ढोबळ आहे, आणि तो टिपण्याचे यंत्र एका टेबलावर मावते. मोजायचे कोणाला, याची यादी तेवढी सिद्ध नाही.

यंत्र टेबलावर मावते असे म्हटले; आता तर ते खिशातही मावते. मोबाइलला जोडता येणारी दांडी घेऊन परिचारिकेनेसुद्धा हृदयाचे ढोबळ चित्र काढावे, इतकी ही विद्या सुटसुटीत झाली आहे. २०१२ साली हरियाणातील सिरसा येथे दोन दिवसांत नऊ तंत्रज्ञांनी हातातल्या यंत्रांनी १,०२३ लोकांचे इको काढले, ती चित्रे जालावर चढवली, आणि देशोदेशींच्या ७५ डॉक्टरांनी आपापल्या ठिकाणी बसून ती वाचली. बंगळुरूच्या श्री सत्य साई रुग्णालयात झडपांचे आजार असलेल्या २५३ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. ज्यांची तपासणी खिशातल्या इकोने व तशाच इतर साधनांनी झाली, त्यांना झडपेवरील उपचारासाठी सरासरी ८३ दिवसांत पाठवले गेले, इतरांना १८० दिवस लागले. मग अशी दांडी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात का नसावी?

याचे उत्तर मराठवाड्यात तरी सरळ नाही. ज्या ध्वनीने हृदय दिसते त्याच ध्वनीने गर्भही दिसतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या, आणि २०१२ साली परळीचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उजेडात आले तेव्हा साऱ्या राज्याला मान खाली घालावी लागली. त्याच वर्षी नियमात दुरुस्ती होऊन, फिरते सोनोग्राफी यंत्र एक तर नोंदणीकृत दवाखान्याच्या आवारात दाखल रुग्णांसाठी वापरावे, अथवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून वापरावे, असे बंधन आले. हृदयरोगतज्ज्ञांना हा जाच वाटतो, आणि त्यांच्या कुरकुरीत तथ्य नाही असे नाही. तथापि ज्या मुलखाने मुली गमावल्या त्याने हा कायदा सैल करण्याची भाषा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फिरत्या पथकाची वाट नियमातच मोकळी ठेवली आहे. त्या पथकाच्या गाडीत नोंदणी केलेले एक यंत्र ठेवावे, प्रत्येक तपासणीची चित्रे आपोआप साठवली जावीत, आणि समुचित प्राधिकाऱ्याने ती केव्हाही मागवावीत. यात अशक्य असे काही नाही, कंटाळवाणे मात्र पुष्कळ आहे, आणि शासकीय कारभारात अशक्यापेक्षा कंटाळवाण्यानेच अधिक कामे अडतात.

मराठवाड्यातील जमिनीचा इतिहास विचारला तर तहसिलातून १९५४ चे खासरा पत्रक निघते; कोणत्या गटात कोणाचा कब्जा, कोणते पीक, किती क्षेत्र, सारे त्यात. माणसाच्या रक्तदाबाचा दहा वर्षांचा इतिहास मात्र त्याच्या स्वतःच्या घरातही निघत नाही, कारण दरवेळी नवा केस पेपर काढला जातो आणि जुना चुलीत जातो. असांसर्गिक आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाचा नमुना आशाताईने भरायचा असतो, रक्तदाब व साखर तपासायची असते. श्वास लागतो का, हा प्रश्नही त्या नमुन्यात आहे. पण त्याचे उत्तर ‘हो’ आले तर क्षयाची शंका जितक्या चटकन मनात येते तितकी हृदयाची येत नाही. रक्तदाबाची गोष्ट आपल्याला परकी नाही; मुंबईच्या रुस्तुम जाल वकिलांनी १९४९ साली सर्पगंधेचे रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडले, तेव्हापासून या देशाने रक्तदाबाच्या औषधशास्त्रात भाग घेतला आहे. उणीव आहे ती पाठपुराव्याची. शिबिरांचा तर मला मनापासून तिटकारा आहे. मंडप पडतो, फलकावर सर्वांची छायाचित्रे झळकतात, पाचशे जणांची पट्टी निघते, काहींचा इकोही होतो. अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी खुंटीला, आणि अहवालात डावा कप्पा फुगल्याचे लिहिले असेल तर त्याचा अर्थ सांगायला शिबिराचा डॉक्टर पुन्हा कधी गावात येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरिबाच्या अँजिओप्लास्टीचा व झडपेचा खर्च उचलला, हे राज्याचे मोठे काम. पण तिची रचनाच दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. हळदीच्या वाफ्यात उभ्या असलेल्या, अजून दाखल न झालेल्या बाईच्या इकोला तिच्यात जागा नाही.

साधी पट्टी मात्र तिच्या गावापर्यंत पोहोचू शकते, आणि तिच्यातूनही आता पूर्वीपेक्षा अधिक वाचता येते. अमेरिकेत मेयो क्लिनिकने नेहमीच्या पट्टीवरून दुबळे हृदय ओळखणारी संगणकीय पद्धत बसवली. मिनेसोटा व विस्कॉन्सिनमधील २२,६४१ माणसांवर ती वापरून पाहिली तेव्हा, तपासलेल्यांत दुबळे हृदय सापडण्याचे प्रमाण शेकडा १.६ वरून २.१ झाले. वाढ दिसायला क्षुल्लक आहे, पण ती कोणतीही जादा सुई न टोचता, आधीच काढलेल्या कागदातून मिळाली. रक्तदाब किंवा साखर असलेल्या प्रत्येकाची वर्षाला एक पट्टी. तीत शंका आली, दम लागू लागला, अथवा पूर्वी झटका, कर्करोगाचे औषध किंवा बाळंतपणात हृदयाचा त्रास झालेला असला, तर तालुक्याच्या ठिकाणी इको. आणि इकोत दोष निघाला तर त्याच दिवशी औषध व पुढची तारीख. एवढी चाळण वसमत आणि कळमनुरीला बसवता आली, तर नांदेडच्या वाटेवरची जीप बऱ्याच जणांना लागणार नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे एक. त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुले साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची आंतरवासिता पुरी करून २०३० च्या सुमारास डॉक्टर होतील. तोवर यंत्रे येतील, शिकवणारेही येतील अशी आशा करू. पण त्यासाठी २०३० ची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यायला लावली आहेत; पहिल्या वर्षापासून त्या कुटुंबांकडे जायचे, त्यांची वजने, रक्तदाब, आजार वहीत टिपायचे, आणि वर्षानुवर्षे त्याच घरांत परत जायचे, असा तो अभ्यासक्रम आहे. शंभर विद्यार्थी आणि प्रत्येकाची तीन घरे धरली तरी दरसाल तीनशे घरांची वही हिंगोलीत आपोआप तयार होते. कोणत्या बाईने टोपले उचलायचे सोडले, कोणाच्या उशाला दुसरी वाकळ आली, हे विचारायला त्या मुलांना यंत्र लागत नाही. आणि त्या वहीत रक्तदाबाच्या रकान्याशेजारी पट्टीच्या व इकोच्या तारखांचे दोन रकाने आखायला शासननिर्णयाचीही गरज नाही, विभागप्रमुखाची सही पुरते.